रस्त्याचं पाणी बोअरमध्ये सोडायचं की आळ्यात?

गिरणाकाठ :

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय आणि तोही भांडणाचा आहे.

जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला आमची कॉलनी. साठेक प्लॉट, मधोमध ओपन स्पेस आणि तिच्या कोपऱ्यात सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेला बोअर. तो आटून चार वर्षं झाली. रस्ते काँक्रीटचे झाल्यापासून मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला सगळं पाणी पळत ओपन स्पेसच्या तोंडाशी येतं आणि उतारावरच्या तीन घरांच्या ओट्याला लागतं. तीन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये तोडगा निघाला, "बोअर मेलाच आहे. सहा इंची पाइप टाका अन् रस्त्याचं पाणी त्यात सोडा. तुंबणं गेलं, पुनर्भरणही झालं." टाळ्या पडल्या. आठ दिवसांत पाइप येऊनही पडला.

मी नको म्हणत होतो, पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून त्या वर्षी पहिला पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरल्या. पाणी वाहायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक आणि पाऊण तासाने दुसरी. दुसरीतलं पाणी जवळजवळ नितळ. पहिलीतलं कोऱ्या चहासारखं काळपट, वर तेलाचा रंगीबेरंगी तवंग. रात्रभर ठेवली तर तळाशी दोन बोटं काळा गाळ बसला. चिमटीत घेऊन चोळला तर आधी ओशट लागला, मग कचकच. हात साबणाने दोनदा धुवावे लागले.

आठ महिने पाऊस नाही म्हणजे आठ महिन्यांचं सगळं रस्त्यावर साठलेलं असतं. टायर झिजून पडलेलं रबर आणि त्यातलं जस्त, ब्रेकच्या घासण्यातून उडालेलं तांबं, गाड्यांचं गळालेलं ऑइल, धुराची काजळी, शेण, कुत्र्यांची घाण. हे सगळं पहिल्या सरीत एकदम निघतं. आपल्या खाली काळा दगड. त्यात पाणी भेगाभेगांनी फिरतं, भेगेत गाळणी नसते. आज आमच्या बोअरमध्ये ओतलेलं उद्या शेजारच्या गल्लीतल्या चालू बोअरला लागणार, आणि तिथली माणसं ते पितात.

बाटल्या घेऊनच पुढच्या मीटिंगला गेलो. पहिली बाटली उघडून म्हटलं, कोणी घोट घेणार का? त्या दिवशी पाइपाचं काम थांबलं. "मग तुम्हीच सांगा काय करायचं", असं म्हणून सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो. झाडांचा आणि माझा संबंध तुळशीपुरता.

थोडं वाचलं. अमेरिकेत मेरीलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस काउंटी आहे, तिथे १९९० च्या सुमारास ही पद्धत बसवली गेली. रस्त्यापेक्षा खोल अशी बागेची जागा करायची, त्यात मुद्दाम पाझरणारी माती भरायची, झाडं लावायची आणि रस्त्याचं पाणी आधी त्यात घ्यायचं. इंग्रजीत रेन गार्डन म्हणतात. मी मीटिंगमध्ये 'आळं' म्हणालो आणि सगळ्यांना एका शब्दात कळलं. झाडाला करतो तेच, फक्त रस्त्याला.

आता मापं सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आमचा उताराचा रस्ता २० फूट रुंद आणि २५० फूट लांब, म्हणजे ५००० चौरस फूट. आळं याच्या साधारण ५ टक्के ते १० टक्के हवं. जागा बघता आम्ही ५ टक्केच धरले, २५ बाय १० फूट. रस्त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटर पाणी येतं. आळ्यात सहा इंच पाणी उभं राहिलं तर साडेतीन हजार लिटर, खाली दोन फूट मातीच्या पोकळ्यांत आणखी तितकंच. म्हणजे पहिलं, सगळ्यात घाण पाणी अख्खं आत मावतं. त्यानंतरचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी वरून सांडलं तरी तितकं दुखत नाही.

खणण्याआधी पाणी जिरतं का ते बघायचं असतं. एप्रिलमध्ये फूटभर खड्डा करून बादली ओतली. गुडूप! सगळे खूश, "अरे, आपली जमीन तर पितेय." म्हटलं थांबा, ही भेगांतून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतली, माती फुगली, भेगा मिटल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओतलेली बादली सकाळी जशीच्या तशी, एक बोटही उतरली नव्हती. काळ्या मातीची ही खोड आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको, तरी आपण दर वेळी फसतो. साडेतीन फूट खणलं तरी मुरूम लागला तो एकाच कोपऱ्यात. म्हणून तळाला भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप टाकला, त्याच्या भोवती खडी, वर बारीक कच. पाइपाचं तोंड मागच्या नाल्यात. मातीतून गाळलेलं पाणी नाल्याला, आणि मुरमाच्या कोपऱ्यात जिरेल तितकं खाली.

वर पाच ब्रास, म्हणजे पाचशे घनफूट भराव. साडेतीन ब्रास धुतलेली वाळू, एक ब्रास पोयटा, उरलेलं अर्धा ब्रास कुजलेलं खत आणि थोडी काळी माती. वर्गणी घरटी बाराशे. आखाजीच्या आत काम उरकलं.

आणि चुका. एक, मी दुपारी जेवायला घरी गेलो तेवढ्यात गवंड्याने सवयीने भरावावर धुम्मस मारलं. भराव म्हटला की ठोकायचा, हे त्याच्या हाडात. सगळं पुन्हा उकरून मोकळं केलं. दोन, रस्त्याचं पाणी आत येण्याची वाट आम्ही आळ्याच्या काठाच्या पातळीत ठेवली. पहिल्या सरीला तिथे कचरा अडकला आणि पाणी आळ्याला वळसा घालून नेहमीच्या ओट्यांना भेटायला गेलं. नंतर ती वाट दोन इंच खाली घेतली आणि तोंडाशी दगडगोट्यांची छोटी कुंडी केली, गाळ तिथेच बसतो. तीन, कोपऱ्यावर घराचं काम चालू होतं, तिथली माती आणि सिमेंटचं पाणी वाहत आलं आणि आळ्यावर पापडासारखा थर धरला. आळं दोन दिवस तुंबलं. वरची दोन बोटं खरवडून काढली तेव्हा मोकळं झालं.

दोन पावसाळे झाले. ओट्यांना पाणी लागत नाही. पण बोअरवाला गट पुन्हा उठलाय. आता म्हणणं असं की आळ्याखालच्या पाइपातलं पाणी स्वच्छच आहे, तर ते नाल्यात का घालवता, बोअरमध्ये सोडा. मला पटत नाहीये, पण या वेळी माझ्या हातात बाटली नाही. जाणकारांनी बोला. शिवाय ४५ डिग्रीत टिकणारी झाडंही सुचवा, निम्मी उन्हाळ्यात गेली.

जिभाऊ_धुळे :

भलतं भारी लिखेल शे भाऊ. मन्हा एकच सवाल, मच्छर व्हतीन का नही? मांगला साले आमना गल्लीमा घरोघर डेंग्यू व्हता.

(बाकीच्यांसाठी मराठीत : भारी लिहिलंय, पण डास होतील का नाही? मागच्या वर्षी आमच्या गल्लीत घरोघर डेंग्यू होता. साचलेलं पाणी म्हटलं की बायकामंडळी काठी घेऊन येतील.)

गिरणाकाठ :

जिभाऊ, आमच्याकडेही हाच पहिला प्रश्न आला होता. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आळं एका दिवसात रिकामं व्हायला हवं, फार तर दोन. ते पाणी धरून ठेवत नाही, पीत राहतं. आम्ही एका काठीवर इंचाच्या खुणा करून आत रोवलीय. पाऊस थांबल्यावर पोरं बघून ग्रुपवर टाकतात, "चार इंच", "दोन इंच", "संपलं". ४८ तासांनंतरही पाणी दिसलं तर वरचा थर खरवडायची वेळ आली असं समजायचं. डास शोधायचेच असतील तर गच्चीवरच्या टायरात आणि कूलरच्या टाकीत बघा.

संशयात्मा :

प्रत्येक दोन वर्षांनी एक नवीन विलायती खूळ येतं. आधी शोषखड्डे, मग पेव्हर ब्लॉक, आता हे. गिरणेच्या वाळूचा भाव काय झालाय माहीत आहे ना? साडेतीन ब्रास वाळू खड्ड्यात पुरायची म्हणजे सोनं पुरण्यासारखं. आणि दुभाजकांत झाडं लावलेली आहेतच की, तीच कामाला लावा.

गिरणाकाठ :

वाळूचं तुमचं खरं आहे. नदीचीच लागते असं नाही. खाणीची क्रश वाळू चालते, पण तिच्यातली भुकटी धुऊन काढा, नाहीतर सिमेंटच्या गिलाव्यासारखी बसते. आम्ही निम्मी तीच वापरली.

दुभाजकाचं म्हणाल तर तिथे सगळं उलटं आहे. माती काठाच्या वर, ढिगासारखी. पाऊस आला की दुभाजकातली माती रस्त्यावर येते, रस्त्याचं पाणी दुभाजकात जात नाही. बाग म्हणजे उंचवटा हे आपल्या डोक्यात बसलंय. माळीबुवांनी आमच्या आळ्यातही पहिल्याच दिवशी हौसेने मधोमध टेकाड केलं होतं, दगड लावून.

प्रयोगशाळेतली_ताई (नंदुरबार) :

रसायन शिकवते, म्हणून बोअरच्या मुद्द्यावर बोलते.

मातीत घाण तीन तऱ्हांनी अडते. गाळ नुसता गाळला जातो, आणि बरीच घाण गाळाला चिकटूनच आलेली असते, म्हणून अर्धी लढाई तिथेच होते. धातूंचं वेगळं. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या खताच्या कणांवर ऋण भार असतो, तांबं, जस्त, शिसं पाण्यात धन भाराने असतात, ते कणांना धरून बसतात. काळ्या मातीत ही धरण्याची ताकद जबरदस्त, पण ती पाणीच जाऊ देत नाही. म्हणून तुम्ही तिची चिमूट घातलीत ते बरोबर केलंत. जास्त घातली असती तर आळ्याचा हौद झाला असता. धातू बहुतेक वरच्या काही बोटांतच अडकतात, खोल जात नाहीत. तिसरं तेल. ते पालापाचोळ्याच्या आणि खताच्या थराला चिकटतं आणि पुढच्या काही दिवसांत जिवाणू ते खातात. दोन सरींच्या मधली उघडीप त्यांच्या जेवणाची वेळ.

आता जे अडत नाही ते. नायट्रेटवर ऋण भार असतो, मातीवरही ऋण भार, त्यामुळे ते सरळ पाइपातून खाली येतं. मीठही तसंच. फॉस्फरस मातीला चिकटतो खरा, पण खतच जास्त झालं तर आळंच फॉस्फरस सोडायला लागतं. पहिल्या वर्षी तुमच्या पाइपातून चहाच्या रंगाचं पाणी आलं असेल, बघा आठवून.

त्यामुळे पाइपातलं पाणी 'स्वच्छ' आहे म्हणजे रस्त्यापेक्षा खूप बरं आहे, पिण्याजोगं आहे असं नाही. नाल्यात सोडलं तर ठीक. बोअरमध्ये सोडलं तर नायट्रेट आणि जंतू थेट खाली. तुम्ही अडून राहा.

आणखी एक सांगते, कारण मला ते वाचून झोप लागली नव्हती. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याला कोहो जातीचे सामन मासे पाऊस पडला की ओढ्यांत अंडी घालण्याआधीच मरायचे. कारण कळेना. २०२० च्या अखेरीस संशोधकांनी शोधलं की टायरचं रबर टिकावं म्हणून घालतात त्या रसायनापासून हवेतल्या ओझोनमुळे ६पीपीडी-क्विनोन नावाचा पदार्थ तयार होतो, तो त्यांना मारतो. आणि हे रसायन कळण्याच्याही आधी लोकांनी तेच रस्त्याचं पाणी वाळू-खताच्या मातीतून गाळून माशांना दिलं होतं, तेव्हा मासे जगले होते. मातीला त्या रसायनाचं नाव माहीत असायची गरज पडली नाही.

केळीबाग_रावेर :

ताई, छान समजावलं. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा, खाली दगडगोटे अन् वाळू, पाणी बघता बघता खाली जातं. तिथे लोक नाल्याचं पाणी थेट विहिरीत सोडतात अन् फोटो काढतात. पाण्याची पातळी इतकी खाली गेलीय की कोणाला बोलायची सोय नाही. माझा प्रश्न असा की केळीच्या शेतातलं वाहून येणारं पाणी असं आळं करून विहिरीत सोडलं तर चालेल का? युरिया आम्ही काही हात राखून टाकत नाही, खरं सांगतो.

प्रयोगशाळेतली_ताई (नंदुरबार) :

भाऊ, खरं बोललात म्हणून खरं उत्तर : नाही. युरियाचं नायट्रेट होतं आणि तेच आळ्यातून निसटतं. त्यावर एक युक्ती आहे. तळाच्या पाइपाचं बाहेरचं तोंड एल्बो लावून फूट-दीड फूट वर उचलायचं, म्हणजे तळाचा थर कायम पाण्यात बुडालेला राहतो. त्यात लाकडाचे तुकडे मिसळायचे. तिथे हवा पोचत नाही, मग जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात. लाकडाऐवजी पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) तुकडे चालावेत असं मला वाटतं. पण आपल्याकडे आठ महिने पाऊस नाही, तो थर दिवाळीनंतर वाळून जाणार आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. शेतासाठी सोपा उपाय म्हणजे युरिया हप्त्याहप्त्याने ठिबकातून देणं. ठिबक तर जळगाव जिल्ह्यानेच सगळ्यांना शिकवलं.

भरीतप्रेमी :

एवढी छान ओली माती, खत, फुकटचं पाणी. मी म्हणतो फुलझाडं कशाला, बामणोदची भरताची वांगी लावा की! कॉलनीचं सामूहिक भरीत.

गिरणाकाठ :

आमच्या सौंचाही हाच प्रस्ताव होता, कळण्याच्या भाकरीसकट. पण ताईंनी वर सांगितलंय, धातू नेमके वरच्या थरात बसतात. टायरचं जस्त घातलेलं भरीत मी तरी खाणार नाही. खाण्याचं काहीही लावायचं नाही, आणि खरवडून काढलेला थरही परसातल्या भाजीला घालायचा नाही. आम्ही तो गोणीत भरून वेगळा देतो.

निरगुडी_शहादा :

नर्सरी आहे माझी, झाडांचं मी सांगतो. तुम्ही नक्कीच हिरवळीचं गवत आणि शोभेची रोपं लावली असणार. आळ्यातल्या झाडाची परीक्षा दुहेरी असते, जुलैत दोन दिवस गळ्यापर्यंत पाणी आणि मेमध्ये थेंब नाही. असं जगणारी झाडं नर्सरीत शोधू नका, नाल्याच्या काठी शोधा.

वाळा हा राजा. मुळ्या सरळ खाली जातात, आणि मुळ्या मरून सडल्या की त्यांच्या पोकळ वाटांनी पाणी खाली जातं. आळं वर्षानुवर्षं मोकळं राहतं ते मुळ्यांमुळे, माती एकटी दोन-तीन वर्षांत घट्ट होते. काठाला निरगुडी, तिला ढोरं तोंड लावत नाहीत. मध्ये मारवेल गवत, आपल्या काळ्या मातीतलंच. कर्दळ चालेल, उन्हाळ्यात वाळेल, पण कंद जिवंत राहतो, पहिल्या पावसाला पुन्हा कोंब. अडुळसा काठावर लावा, मध्ये नको.

आणि आच्छादन? केळीची वाळकी पानं टाकली असतील तर पहिल्या सरीत तरंगत सांडव्याला जाऊन अडकली असतील.

गिरणाकाठ :

अहो, तुम्ही आमच्या कॉलनीत राहता का? हिरवळ, शोभेची रोपं, केळीची पानं, तिन्ही खरं. आणि ताई, चहाच्या रंगाचं पाणीही खरं, पहिले दोन महिने तसंच येत होतं. मी खत 'थोडं सढळ' घातलं होतं. अर्धा ब्रास लिहिलंय वर, पण मनाने दोन ट्रॉल्या जास्त.

निरगुडी_शहादा :

पऱ्हाट्या थ्रेशरमधून काढून त्याचा जाडसर भुगा टाका. तुकडे एकमेकांत अडकतात, तरंगत नाहीत फारसे. तीन बोटं थर. बुंध्याला टेकवू नका.

जिभाऊ_धुळे :

सगळं पटलं, पण मला खरी भीती वेगळी आहे. पहिलं वर्ष उत्साहाचं, तिसऱ्या वर्षी आळ्यात गुटख्याच्या पुड्या आणि एक फाटकी चप्पल. साफ कोण करणार?

आमच्या पांझरेवर फडाची पद्धत होती, काही गावांत अजून आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडात, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. पाट साफ करायचा तर ज्याची जमीन त्याने माणूस द्यायचा, सबब नाही. शेकडो वर्षं चाललं ते सिमेंटच्या जोरावर चाललं नाही. तुमच्या कॉलनीत पाटकरी कोण आहे?

गिरणाकाठ :

सध्या मीच पाटकरी, मीच जागल्या. हवालदार मात्र साठ आहेत.

थट्टा सोडा, पण तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. आम्ही एवढंच ठरवलंय की आखाजीच्या आधीच्या रविवारी घरटी एक माणूस, दोन तास. तोंडाशी असलेल्या कुंडीतला गाळ काढायचा, वरचा थर हलक्या हाताने खरवडायचा, भुगा नवा टाकायचा. पहिल्या वर्षी एकेचाळीस माणसं आली, यंदा सव्वीस.

संशयात्मा :

बघा, मी म्हटलं होतं.

(तरी एक विचारतो. आमच्या गल्लीत गटार आणि पावसाचं पाणी एकाच नालीत आहे. तिथे असं करता येईल का?)

प्रयोगशाळेतली_ताई (नंदुरबार) :

नालीतलं पाणी नको. सांडपाणी रोज येतं, आळ्याला वाळायला वेळच मिळत नाही, चार दिवसांत सडतं. कारखान्याचं पाणीही नको. पण नालीत पडण्याआधी, रस्त्याच्या कडेलाच पाणी उचलता येत असेल तर जरूर करा. गच्चीचा पाइप नालीत सोडलाय तो आधी काढा, सगळ्यात स्वच्छ पाणी आपण सगळ्यात घाण पाण्यात मिसळतो.

संशयात्मा :

गच्चीचा पाइप माझाच आहे. बघतो.

गिरणाकाठ :

काल रात्री मीटिंग झाली. ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, सामन माशासकट. बोअरवाल्या गटाच्या प्रमुखांनी विचारलं, "मासे इथे कुठे आहेत?" मागून त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "आण्णा, शेजारच्या गल्लीत माझं माहेर आहे. ते बोअरचंच पाणी पितात." पुढे कोणी बोललं नाही.

ठरलं असं : बोअरला फक्त गच्च्यांचं पाणी, तेही पहिल्या दोन सरी बाहेर सोडून आणि मध्ये वाळू-खडीची टाकी घालून. रस्त्याच्या पाइपाचं बोअरकडचं तोंड आज सकाळी सिमेंटने बुजवलं. ज्या गवंड्याने धुम्मस मारलं होतं त्यानेच बुजवलं, आणि या वेळी मी जेवायला गेलो नाही.

निरगुडीभाऊ, वाळ्याचे दोनशे कोंब आणि निरगुडीची वीस रोपं हवीत, शहाद्याहून एसटीच्या पार्सलने येतील का? फोटो रात्री टाकतो, आत्ता लाइट नाही.